न धुतलेली रेती

मामाचं घर पडणार हे गावात सगळ्यांना कळलं होतं, मामा सोडून. म्हणजे कळलं त्यालाही होतं, पण त्याने ते मनावर घेतलं नव्हतं. पंचायतीची माणसं येऊन ओटीच्या खांबावर लाल रंगाची फुली मारून गेली, तर दुसऱ्या दिवशी मामाने त्या फुलीवर चुना फासला. मग मामीचा मला फोन आला. म्हणाली, तू मास्तरीण आहेस, तुझा आवाज मोठा आहे, तूच एकदा येऊन ओरडून बघ.

आवाजाचं ती थट्टेत बोलत नव्हती. मामा जवळजवळ बहिरा आहे. भिवंडीत नगरपालिकेच्या शाळेत मी वीस-बावीस वर्षं शिकवते आहे आणि शाळेच्या तिन्ही बाजूंना यंत्रमाग आहेत. त्या खडखडाटावर मात करून पाढे म्हणवून घेणाऱ्या बाईचा आवाज काय होतो ते घरच्यांना विचारा. तरीही मामाशी बोलताना मलासुद्धा दोनदा सांगावं लागतं. मे महिन्याची सुट्टी लागली होती. मी रिक्षा केली आणि निघाले.

काल्हेरपासून पुढे आता रस्ता असा राहिलेलाच नाही, दोन्ही बाजूंना गोदामं आणि मध्ये कंटेनरची रांग. माझ्या लहानपणी आम्ही ह्या वाटेने आईच्या माहेरी जायचो तेव्हा दूरवर मिठागरं दिसायची आणि त्यांच्या पलीकडे खाडीतल्या होड्यांच्या डोलकाठ्या. मामाचं गाव रेतीचं गाव. खाडीच्या तळातली रेती काढायची, होडीत भरायची, बंदरावर ओतायची. बाकी धंदा नाही. शेती होती ती बायकांनी करायची. मुंबईत एखादी उंच इमारत दिसली की आई मान वर करून म्हणायची, ही आमच्या खाडीतली. सगळ्या मुंबईवर आपला हक्क असल्यासारखी बोलायची.

आणि गावाची ऐट तशीच होती. होड्यांना दरवर्षी नवा रंग, पुढच्या टोकावर, नाळेवर, डोळे काढलेले. हळदीला दोन-दोन बँड, आणि दोन्ही एकाच वेळी वेगवेगळी गाणी वाजवणार. पुरुषांच्या गळ्यात जाडजूड साखळ्या. बैलगाड्यांच्या शर्यतीसाठी बैलांना माणसांपेक्षा चांगलं खायला. एका होडीवाल्याने म्हणे बायकोला खूश करायला बंदरावरून घरापर्यंत गालिचा अंथरला होता. हे खरं की खोटं माहीत नाही, पण असल्या गोष्टी सांगायला आणि ऐकायला त्या गावाला मजा यायची. मलाही यायची. शाळेत मैत्रिणींना मी त्या गालिच्याची गोष्ट किती वेळा सांगितली असेल.

आता रेती बंद आहे. आधी हाताने काढत होते, मग पंप आले, पंपांनी तळ खरवडून नेला, मग सरकारने बंदी घातली. होड्या चिखलात कुजल्या, उरलेल्यांचं लोखंड भंगारात गेलं. ज्यांच्या जमिनी रस्त्याकडेला होत्या त्यांची गोदामं झाली. मामाची जमीन रस्त्याकडेला नव्हती. हल्ली रविवारी काही तरुण मंडळी मोबाईल घेऊन ते जुनं बंदर बघायला येतात, कुजलेल्या होडीत उभं राहून फोटो काढतात. मला त्यांचा राग येतो. का येतो हे सांगता येत नाही, ती बिचारी काही वाईट करत नाहीत.

घरात पाय ठेवला आणि मी वर बघितलं. मला वाटलं होतं मामी वाढवून सांगते आहे. ती कमीच सांगत होती. पुढच्या खोलीतल्या स्लॅबचा गिलावा अर्ध्याहून जास्त गळून पडलेला, आतल्या सळया उघड्या आणि गंजून फुगलेल्या. काही ठिकाणी सळई हाताने मोडेल अशी झाली होती. खांब कोपऱ्यात उभे फाटले होते. मामीने चूल परसात नेली नव्हती, आतच होती, पण झोपायला मात्र ती ओटीवर यायची. मामा आत झोपायचा, बरोबर त्या सळयांखाली.

"यांना काय, आयकू येत न्हाय, सुखानं झोपतात," मामी म्हणाली. "मना येतं ना आयकू. दुपारच्याला घर बोलतं."

घर बोलतं म्हणजे काय ते मला थोड्या वेळाने कळायचं होतं. ह्या घराची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. ती इथे सांगितल्याशिवाय मामाचा हट्ट कोणाला समजणार नाही.

आईला दोन भाऊ. हा थोरला, आणि एक धाकटा. दोघे एकाच होडीवर. एकाने डुबी मारायची, दुसऱ्याने वर दोर धरायचा, आणि आलटून पालटून हे चालायचं. होडीच्या कडेला लांब बांबू तळापर्यंत रोवलेला असे. त्याला धरून डुबी मारणारा बादली घेऊन खाली जाई, हाताने बादली भरी आणि दोराला झटका देई. एक झटका म्हणजे बादली भरली, ओढा. मग तो बांबूला धरून आपला आपण वर येई. दोन झटके म्हणजे माणूस अडचणीत आहे, त्याने दोरच पकडलेला आहे, त्याच्यासकट ओढा. दोन झटके आले की होडीवरचे सगळे हातातलं टाकून दोराला धावत. तिसरा शब्द त्या भाषेत नव्हता.

मी पाचवीत असताना, होळी झाल्यावर, धाकटा मामा खाली गेला आणि थोरल्याच्या हाताला एक झटका लागला. त्याने बादली ओढली. बादली अर्धीच भरलेली आली. धाकटा आला नाही. थोरल्याने तेव्हा पोलिसांना सांगितलं, एकच झटका आला. आजीला सांगितलं, एकच आला. होडीवरच्या दोघांनी सांगितलं, आम्ही त्या बाजूला होतो, दोर त्याच्या हातात होता, तो म्हणतो तर एकच. कोणीही त्याला दोष दिला नाही. त्या धंद्यात माणसं जात, आणि दोर धरणाऱ्याला जबाबदार धरायचं झालं तर दोर धरायला कोणी राहिलं नसतं. अर्ध्या बादलीबद्दल मात्र आमच्या घरात कोणी बोलत नसे. डुबी मारणारा कधी अर्धी बादली वर पाठवत नाही.

प्रेत मिळालं नाही. ओढ मोठी, पाणी गढूळ, तळाशी माणसाला स्वतःचा हात दिसत नाही. थोरला मामा दुसऱ्या दिवसापासून शोधायला उतरला आणि उतरतच राहिला. हाताने तळ चाचपायचा. आणि रिकाम्या बादलीने वर यायचं नाही ही डुबी मारणाऱ्यांची रीत, रिकामी बादली आली की तळ रुसतो म्हणत. म्हणून भावाला शोधायला गेलेला हा माणूस दर वेळी वर येताना बादली भरून आणायचा. ओहोटीमागून ओहोटी. पहिल्याच आठवड्यात त्याच्या दोन्ही कानांतून रक्त आलं. तेलात भिजवलेला कापूस कोंबून तो परत उतरला. भटजींनी दर्भाचा पुतळा करून धाकट्याला अग्नी दिला त्या सकाळीही तो खाडीत होता. शेवटी त्याला काही ऐकू येईना तेव्हा आजीने त्याचा दोर विळ्याने कापला. तेव्हा तो थांबला.

तोवर बंदरावर रेतीचा मोठा ढीग झाला होता. ती रेती त्याने विकली नाही, आणि कोणी मागितलीही नाही. ढीग तसाच पडून राहिला असता तरी ठीक होतं. खाडीची रेती खारी असते. ती तशीच बांधकामात घातली तर आतलं लोखंड गंजतं हे त्या गावात शेंबड्या पोराला माहीत होतं. एक पावसाळा तिला उघड्यावर भिजू द्यायची, नाहीतर विहिरीच्या पाण्याने धुवायची, मग ती गोडी होते. आयुष्यभर रेतीत असलेल्या मामाला हे माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? पण पाऊस लागायच्या आधी त्याने त्या ढिगावर ताडपत्री घातली. चार महिने वारा ती उडवायचा आणि हा भर पावसात जाऊन पुन्हा दगड ठेवून यायचा. पुढच्या थंडीत त्याने त्याच रेतीत घर बांधायला काढलं. गवंडी म्हणाला, निदान धुवून तरी घे. मामाला ऐकू आलं नाही म्हणून गवंड्याने हातांनी धुवायची खूण करून दाखवली. मामा म्हणाला, "माजा भाव हाय त्याच्यात. धुवून कुटं घालवू?"

गवंड्याने रेती तशीच कालवायला घेतली. मलाही स्लॅब घालायचा दिवस आठवतो. बायका रांगेत उभ्या राहून घमेली वर देत होत्या, मला गूळ मिळाला होता. मला वाटत होतं की धाकटा मामा आता घराच्या छतात राहायला गेला. लहान मुलांना असल्या गोष्टी पटायला वेळ लागत नाही. मोठ्यांनाही लागत नाही, हे मला फार नंतर समजलं.

तर त्या छताखाली बसून मी मामाला ओरडून समजावत होते. पहिल्यांदा गोडीत. मुलगा मानकोलीला गोदामात सुपरवायझर आहे, काल्हेरला त्याने दोन खोल्या घेतल्या आहेत, लिफ्ट आहे, पाणी चोवीस तास आहे, सून चांगली आहे. मामा मान हलवत होता. ऐकू आलं तेवढं त्याला पटत होतं, पण उठायचं नाव नाही. मग मी आवाज चढवला. म्हटलं, तुला मरायचं तर मर, मामीला का मारतोस? हे त्याला बरोबर ऐकू आलं. तो म्हणाला तिला जाऊ दे, मी अडवली का. आणि मामी म्हणाली हे जात नाहीत तर मी कशी जाऊ. दोघांनी मिळून मला चहा दिला. माझं डोकं फिरलं होतं. मनात आलं की त्या दोघांना मुलांसारखं दंडाला धरून बाहेर काढावं आणि दाराला कुलूप लावावं.

तेवढ्यात घर बोललं.

आवाज मोठा नव्हता. वाळलेली फांदी गुडघ्यावर मोडावी तसा, खांबाच्या आतून. मामीने माझ्याकडे बघितलं, आयकलंस ना, अशा नजरेने. दुपारचं ऊन स्लॅबवर तापलं की असा आवाज यायचा. मामाने बशीतला चहा पीत तोंड वर केलं नाही. मला एकाएकी सुचलं. मी त्याच्या हातातली बशी काढून घेतली, त्याचा पंजा धरला आणि खांबावर दाबून ठेवला. ऐकू येत नाही तर हाताला तर कळेल. तो आधी हसला, मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याने हात तिथेच राहू दिला. आम्ही तिघं तशीच थांबलो. मामीच्या ओठांवर काहीतरी जप चालला होता.

पुन्हा आवाज आला. मामाचा हात खांबावर ताठ झाला. त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं, जमलं. एवढ्यात हा उठून पिशवी भरणार. पण तो हात तसाच ठेवून वाट बघत राहिला. बराच वेळ. मग त्याने हात काढला आणि बशीसाठी पुढे केला.

"एकच," तो म्हणाला. "एक म्हंजे बादली. मानूस न्हाय."

मला आधी समजलं नाही. मग समजलं. इतकी वर्षं आम्ही ती गोष्ट सांगत होतो आणि ऐकत होतो, आणि तो अजून होडीवर उभा राहून दोर धरून होता. मी त्याच्यावर परत ओरडले नाही. मामीने दिलेले पापड पिशवीत टाकले आणि रिक्षा शोधायला बाहेर पडले. मामेभावाला फोन करून सांगितलं की माझ्याकडून होत नाही. तो म्हणाला, ताई, माझ्याकडून पाच वर्षांत झालं नाही, तुझ्याकडून एका दुपारी कसं होईल.

त्यानंतर मामीचे फोन यायचे त्यात एक नवीन तक्रार असायची. मामा आता रोज दुपारी जेवण झालं की खांबाला हात लावून बसतो. कोणी हाक मारली तरी उठत नाही, कोणी आलं तर दुसऱ्या हाताने बस म्हणतो. मामी म्हणाली, तू ही काय खोड लावून गेलीस. मी म्हटलं, बसू दे, निदान जागा तरी असतो. पण मला ते चित्र डोळ्यांसमोरून जाईना. वर्गात मुलं शुद्धलेखन लिहीत असली की मी टेबलावर पंजा ठेवायची आणि मागाचा हादरा हाताला लागायचा. दिवसभर, एकसारखा. मला त्याचा कंटाळा होता, आता भीती वाटायला लागली.

पावसाळा निघून गेला. मामी म्हणाली पावसात घर गप्प होतं. दसरा झाला, ऑक्टोबरचं ऊन तापलं आणि एका दुपारी शाळेत मला फोन आला की घर पडलं. पुढचं वाक्य ऐकेपर्यंत मी भिंतीला टेकून उभी होते. पुढचं वाक्य असं होतं की दोघं वाचली.

दुसऱ्या दिवशी मी गेले. मामीचा एक हात गळ्यात बांधलेला होता, पण तोंड चालू होतं. ती आत चुलीपाशी होती. मामा खांबाशी बसलेला. एकदम तो उठून आत आला, हा माणूस ज्याला खाटेवरून उठायला अर्धा तास लागतो, आणि त्याने तिचा दंड धरून तिला ओढली. काही बोलला नाही, काही विचारलं नाही. तिने पातेलं सोडायचं म्हटलं तरी सोडू दिलं नाही. पातेलं, पीठ, सगळ्यासकट परसातून बाहेर खेचली, इतक्या जोराने की तिचा खांदा निखळला. ती त्याला शिव्या देत होती तेव्हाच मागे धूळ उठली. मामी हे सांगताना एकदा हसत होती, एकदा रडत होती. म्हणाली, चाळीस वर्षांत एकदा हात धरला तो पण मोडायला. शेजारणी हसल्या. मीही हसले, खरंच हसले. मला वाटलं संपलं एकदाचं. घर गेलं, माणसं राहिली, आता काल्हेरच्या दोन खोल्या आणि लिफ्ट.

मामा समोरच्या घराच्या ओटीवर बसला होता. जेसीबी आणला होता आणि ढिगारा ट्रकमध्ये भरणं चालू होतं. मामेभावाने सांगितलं की खाडीच्या कडेला नवीन गोदामासाठी भराव घालताहेत, तिथे हे टाकणार. मी म्हटलं, मामाला माहीत आहे? तो म्हणाला, मी सांगितलं नाही, पण ट्रक कुठे वळतात ते दिसतंय त्यांना. ट्रक खाडीकडेच वळत होते. मामाने एकाही ट्रककडे बघितलं नाही. मला वाटलं होतं तो त्यासाठीच बसलाय, भावाला परत पाण्यात नेताहेत म्हणून. तसं नव्हतं.

मी त्याच्या शेजारी बसले. त्याचे दोन्ही तळहात मांडीवर उताणे पडलेले होते, चुन्याने पांढरे. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, मामा, वाचवलंस मामीला. हे त्याला ऐकू आलं की नाही कोण जाणे.

"दोन आलं, बाय," तो म्हणाला. बहिऱ्या माणसासारखा मोठ्याने, गल्लीभर ऐकू जाईल असा. "काल दोन आलं. पयला आला, न मी थांबलो. मग दुसरा आला. लगेच न्हाय आला. मधी जरा वेल गेला."

जेसीबीवाल्याने आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा कामाला लागला. मामी हसता हसता थांबली होती.

"पयल्यावर बादली ओढायला घेतली की दुसरा हाताला लागत न्हाय," मामा म्हणाला. "दोर तवा हालतच असतं. तवा पन दोनच आलं असतील."

मला त्याला सांगायचं होतं की नाही मामा, तेव्हा एकच आला होता, सगळे तसंच म्हणतात, तूच तसं सांगितलं होतंस. पण ते मला ओरडून सांगावं लागलं असतं आणि माझ्याने ओरडवेना. जेसीबीचा आवाज कानात घुमत होता. मी त्याचा हात माझ्या हातात घेतला आणि एकदाच ओढला. एक.

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला समजलं होतं. त्याने माझा हात घट्ट धरला, एकदा ओढला, थोडा थांबला, आणि पुन्हा ओढला.